जगप्रदक्षिणेचे एकच विमान तिकीट घ्यावे की सुटी तिकिटे जोडावीत?

रानजाई

यजमान येत्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यानंतर सलग पाच महिने बाहेर राहण्याचा आमचा विचार आहे. मुलगी आणि जावई फ्रँकफर्टजवळ राहतात, थोरले दीर सॅन फ्रान्सिस्कोजवळ आहेत, धाकटी बहीण ऑकलंडला आहे, आणि जपान पाहावा ही आम्हा दोघांची फार दिवसांची इच्छा आहे. ही ठिकाणे नकाशावर एकमेकांना जोडली की पृथ्वीला फेरीच पूर्ण होते. त्यामुळे ‘राउंड द वर्ल्ड’ तिकिटांची चौकशी सुरू केली.

मला समजलेले नियम थोडक्यात असे आहेत. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड हे विमान कंपन्यांचे दोन संघ आहेत. स्टार अलायन्सचे तिकीट मैलांवर चालते. २९,००० मैल, ३४,००० मैल आणि ३९,००० मैल अशा पायऱ्या आहेत आणि त्या मर्यादेत प्रवास बसवायचा असतो. वनवर्ल्डचे ‘एक्सप्लोरर’ तिकीट खंडांवर चालते. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा खंड निवडायचे आणि प्रत्येक खंडात ठरावीक इतकीच उड्डाणे घ्यायची. दोन्हींत अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर एकेकदाच ओलांडायचे, प्रवास पूर्वेला किंवा पश्चिमेला एकाच दिशेने करायचा, एकूण उड्डाणे सोळाच्या आत ठेवायची, जिथून निघालो त्याच देशात परत यायचे, आणि हे सगळे पहिल्या उड्डाणापासून एका वर्षात पुरे करायचे. तारखा मात्र मागाहून बदलता येतात, आणि आम्हाला मोह आहे तो याच सोयीचा.

आमच्या नेहमीच्या एजंटला विचारले, तर त्याने सगळी सुटी तिकिटे काढून बेरीज पाठवली आणि ‘ते दुसरे आता कोणी घेत नाही’ असे कळवले. खरोखरच कोणी घेत नाही का? घेतले असल्यास फायदा कशात झाला आणि अडचण कुठे आली, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना तिकीटवाला

मुंबईत फोर्टमध्ये तिकीट काउंटरवर माझी नोकरी गेली, त्यामुळे एजंटचे उत्तर वाचून आश्चर्य वाटले नाही. हे तिकीट बनवायला वेळ लागतो, भाडे यंत्रातून आपोआप निघत नाही, प्रत्येक सेक्टरला, म्हणजे प्रवासाच्या एकेका टप्प्याला, नेमका ठरलेला बुकिंग वर्ग (एकाच केबिनमधल्या जागांची भाड्यानुसार केलेली विभागणी) मिळावा लागतो आणि एवढे करून कमिशन फारसे सुटत नाही. वनवर्ल्डच्या इकॉनॉमी तिकिटाला ‘एल’ वर्गातच जागा हवी असते. विमानात साठ जागा रिकाम्या दिसत असल्या तरी ‘एल’ संपला असेल, तर तुमच्यासाठी ते विमान भरलेलेच समजायचे. ‘तारखा बदलता येतात’ या वाक्याचा अर्थही तेवढाच आहे. त्याच वर्गात जागा असेल तर बदल फुकट होतो. नसेल तर जवळपासचा दुसरा दिवस शोधावा लागतो. मार्गच बदलायचा झाला तर शुल्क भरून तिकीट नव्याने काढावे लागते.

सोळा उड्डाणांच्या मर्यादेमागे हिशेब आहे. विमान तिकिटाच्या एका क्रमांकात चार कूपने, म्हणजे चार उड्डाणे, मावतात आणि अशी चारच तिकिटे एकमेकांना जोडता येतात. कागदी तिकिटांच्या काळात ती जोडलेली चळत हातात देताना मजा वाटत असे.

प्रथा जुनीच आहे. पॅन अमेरिकनने जून १९४७ मध्ये नियमित जगप्रदक्षिणा सेवा सुरू केली, तेव्हा त्या मार्गावर कलकत्त्याचा थांबा होता. आता अशी एकाच कंपनीची सेवा राहिलेली नाही. जे आहे ते कंपन्यांच्या संघाचे सामाईक भाडे आहे.

आता तुमच्या प्रवासाकडे येतो. स्टार अलायन्सच्या जाळ्यात मुंबई, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, ऑकलंड, टोकियो, सिंगापूर आणि परत मुंबई असा मार्ग धरला, तर अंतराची बेरीज साधारण २८,३०० मैल होते. म्हणजे २९,००० मैलांच्या पायरीत तो जेमतेम बसतो. त्यात सिडनी घातली की सातशे मैल वाढतात आणि हिशेब इतका काठावर येतो की कंपनीच्या कोष्टकातल्या अंतरांवर सगळे अवलंबून राहते. असा मोह टाळावा, कारण पायरी ओलांडली की पुढच्या पायरीचे पूर्ण भाडे लागते. सिडनीला जायचेच असेल तर ऑकलंडहून वेगळे परतीचे तिकीट काढून जाऊन या.

पाठपिशवी

माझे मत थोडे उलट आहे. ही तिकिटे ज्या काळात फायद्याची होती, तेव्हा मोठ्या कंपन्या एकेरी तिकिटाला जवळजवळ परतीइतकेच पैसे घेत असत. आज स्कूट, एअरएशिया एक्स, जेटस्टार यांसारख्या कंपन्या लांब पल्ल्यावरही एकेरी तिकिटे स्वस्तात विकतात आणि इंडिगोनेही जुलै २०२५ मध्ये मुंबईहून युरोपची उड्डाणे सुरू केली. ज्याला कुठे किती दिवस राहायचे हे आधी ठरवायचे नाही, त्याने एका दिशेच्या आणि एका संघाच्या बंधनात का अडकावे? व्हिएतनाम आवडला तर मी तिथे महिनाभर जास्त राहतो आणि पुढचे तिकीट तिथूनच काढतो. मागे वळावेसे वाटले तर मागे वळतो. प्रदक्षिणेच्या तिकिटात मागे वळण्याची सोय फार थोडी असते.

शिवाय आशियातल्या आशियात किंवा युरोपातल्या युरोपात फिरायचे असेल तर हे तिकीट म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे. तिथे सोळांपैकी एकेक उड्डाण किंवा मोलाचे मैल खर्च करण्यापेक्षा रेल्वे घ्यावी.

लांबचा पल्ला

पाठपिशवी, तुमचे म्हणणे एकट्याने, पाठीवर सात किलोंची पिशवी घेऊन फिरणाऱ्याला लागू पडते. साठीच्या जोडप्याकडे दोन मोठ्या बॅगा असतात, त्यांत मुलीसाठी भाजणी आणि मेतकूट असते, आणि स्वस्त कंपन्या त्या बॅगांचे पैसे प्रत्येक उड्डाणाला वेगळे घेतात. तो खर्च धरून पुन्हा बेरीज करा.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. सुट्या तिकिटांत एक विमान चुकले की पुढच्या कंपनीला तुमच्याशी देणेघेणे नसते. एका तिकिटावर सलग जोडलेले विमान चुकले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. जून २०२५ मध्ये कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले, तेव्हा हजारो प्रवासी मध्येच अडकले होते. अशा वेळी पुढची सगळी उड्डाणे एकाच तिकिटावर असणे आणि नसणे यांत फार मोठा फरक पडतो. कंपनीच बंद पडण्याचा धोकाही काल्पनिक नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, त्याच्या काही आठवडे आधी आइसलँडची वॉव एअर बंद झाली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. ज्यांच्याकडे त्या कंपन्यांची सुटी तिकिटे होती, त्यांचे पैसे कसे आणि किती काळ अडकले हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. संघातली एखादी कंपनी गळाली तर निदान उरलेल्या कंपन्यांच्या विमानांवर मार्ग बदलून घेण्याचा रस्ता राहतो.

नोंदवही

भाड्याची चर्चा चालू द्या, परंतु भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करताना पहिला प्रश्न व्हिसाचा असतो आणि तिकिटाची दिशासुद्धा त्यावरूनच ठरवावी लागते, असे माझे ठाम मत झाले आहे. परदेशी संकेतस्थळांवरचे सल्ले बहुतेक ब्रिटिश, जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांनी लिहिलेले असतात. त्यांना ‘वर्षभरात केव्हाही, कुठेही’ हे स्वातंत्र्य खरेच मिळते. आपल्याला तिकीट वर्षभराची मुभा देते, पण व्हिसा देत नाही.

रानजाई यांचीच ठिकाणे घेऊ.

शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि तो सामान्यतः आपण जिथे राहतो त्या देशातूनच करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये पर्यटक म्हणून असताना तिथल्या जर्मन दूतावासात जाऊन अर्ज करू, असे गृहीत धरू नये. म्हणजे युरोप प्रवासाच्या शेवटी ठेवला तरी व्हिसा निघण्यापूर्वीच हातात हवा आणि युरोपातल्या तारखा अर्जापासून सहा महिन्यांच्या आत पडायला हव्यात. पाच महिन्यांच्या प्रवासात हे नेमके नियोजन केले तर जमते, वर्षभराच्या प्रवासात जमत नाही. एक सवलत मात्र आहे. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम सैल केला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. मुलगी तिकडे असल्याने तुमचे जाणे झाले असेल तर जुने पासपोर्ट काढून बघा.

जपानचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. इथेच तुमच्या मार्गाची खरी गाठ आहे. ‘जुना तिकीटवाला’ यांनी मांडलेला मार्ग पश्चिमेकडे जाणारा आहे. आधी युरोप, मग अमेरिका, मग न्यूझीलंड आणि शेवटी जपान. पाच महिन्यांच्या प्रवासात जपानला पोहोचेपर्यंत मुंबईत काढलेला व्हिसा संपलेला असेल.

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे एकदा तो असला की तारखांची कटकट उरत नाही. नसेल तर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत तिकिटाला हात लावू नये. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी, असा त्यांचा नियम आहे, त्यामुळे वाटेत कुठेतरी लवकरची तारीख मिळवण्याचा जुना उपायही बंद झाला. लक्षात असू द्या, अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो. न्यूझीलंडचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो, आणि भारतीयांना तिथे ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो. सिंगापूरला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असेल तर काही लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सगळा मार्ग उलटा करा. मुंबईहून सिंगापूरमार्गे आधी टोकियो, मग ऑकलंड, मग सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि शेवटी फ्रँकफर्ट. अंतर तेवढेच राहते, भाड्याची पायरी बदलत नाही आणि जपान पहिल्याच महिन्यात येतो. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी शेंगेनचा अर्ज केला, तर चौथ्या महिन्यातला युरोप सहा महिन्यांच्या मर्यादेत बसतो. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो, हे ध्यानात घेऊन अर्जांचा क्रम लावा.

रानजाई

नोंदवही, तुमचा प्रतिसाद छापून यजमानांच्या हाती दिला. आमचे जर्मनीचे दोन व्हिसे झाले आहेत, पण पहिला चार वर्षांपूर्वीचा असल्याने ती सवलत बसेल असे वाटत नाही. अमेरिकेचा व्हिसा आहे.

दोन शंका आहेत. पूर्वेकडे प्रवास केला तर झोपेचा त्रास जास्त होतो असे सगळे सांगतात, ते किती खरे आहे? आणि तिकीट व्हिसाआधी काढायचे की नंतर?

मधली सीट

झोपेबद्दल सांगतात ते खरे आहे. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्याने पश्चिमेकडे जाताना वाढणारा दिवस सोसतो आणि पूर्वेकडे जाताना आखडणारा सोसत नाही. परंतु हा त्रास आठवडाभराच्या कामाच्या दौऱ्यावर जाणाऱ्याला असतो. प्रत्येक ठिकाणी तीन-चार आठवडे राहणाऱ्याने तो मनावर घेऊ नये. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या दुपारी उतरते, त्या दिवशी काहीही ठरवू नका, एवढेच.

ऋतूंच्या दृष्टीने उलटा मार्गच चांगला आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निघालात तर टोकियोत चेरीचा बहर सापडतो, एप्रिलमध्ये न्यूझीलंडला शरद ऋतू असतो, मे-जूनमध्ये अमेरिका आणि नंतर युरोपातला उन्हाळा. लोकरीचे कपडे जवळजवळ लागणार नाहीत. पश्चिमेकडून गेला असता तर ऑकलंडला ऐन हिवाळ्यात पोहोचला असता.

जुना तिकीटवाला

व्हिसा हाती येईपर्यंत पैसे भरू नयेत, असे दूतावासच सांगतात. एजंट किंवा कंपनी पीएनआर (आरक्षणाची नोंद) तयार करून देते, त्यावर सगळा मार्ग आणि तारखा दिसतात आणि अर्जाला ते चालते. मात्र पीएनआर तसाच फार दिवस ठेवता येत नाही. पैसे भरण्याची मुदत संपली की तो गळतो आणि पुन्हा बनवावा लागतो. एजंट इथेच कंटाळतात. चांगला भाग असा की सगळ्या देशांच्या अर्जांना एकच कागद चालतो, आणि त्यात परत मुंबईला येण्याची नोंद असल्याने ‘पुढे कुठे जाणार’ हा प्रश्न उरत नाही.

विमान कंपन्या सुमारे अकरा महिन्यांपर्यंतचेच वेळापत्रक उघडतात. तुमच्या पाच महिन्यांच्या प्रवासाला याची अडचण नाही, पण वर्षभराचा प्रवास करणाऱ्यांना शेवटच्या सेक्टरांना जी मिळेल ती तारीख घालून नंतर बदलावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे भाडे सुरुवातीच्या देशावर ठरते. तोच मार्ग, तीच विमाने, पण एका देशातून सुरू केला तर एक भाडे आणि शेजारच्या देशातून सुरू केला तर दुसरे, असा हा प्रकार आहे. श्रीलंकन एअरलाइन्स वनवर्ल्डमध्ये असल्याने कोलंबोहून सुरुवात करून पाहणारे लोक आहेत. इकॉनॉमीत मात्र मुंबई ते कोलंबो जाण्यायेण्याचा खर्च आणि शेवटी तिथेच परतण्याची सक्ती धरली की वाचलेले पैसे तिकडेच जातात. बिझनेसमध्ये फरक मोठा पडत असेल तरच तो खटाटोप करावा.

अर्धविराम

बिझनेसचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या समजुतीप्रमाणे हे तिकीट आज खऱ्या अर्थाने फायद्याचे उरले आहे ते वरच्या वर्गातच. इकॉनॉमीत स्वस्त एकेरी तिकिटांनी त्याचा पाया उखडला. बिझनेसमध्ये मात्र पॅसिफिक आणि अटलांटिक ओलांडणारी एकेरी तिकिटे घेऊन बेरीज केली, तर प्रदक्षिणेचे भाडे बहुधा बरेच खाली येते. परदेशातले अनुभवी प्रवासी वनवर्ल्डच्या बिझनेस भाड्याला त्याच्या सांकेतिक नावाने, ‘डन-फोर’, ‘डन-फाइव्ह’ असे म्हणतात. शेवटचा आकडा म्हणजे खंडांची संख्या.

करांकडे दुर्लक्ष करू नका. सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे इकॉनॉमी सोडून इतर वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच राहिला. तिकिटाबरोबर त्याच विक्रेत्याकडून हॉटेलेही घेतली तर तो परदेश सहलीचा पॅकेज धरला जातो आणि त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल करायचा आयकर) लागतो. नुसत्या तिकिटावर लागत नाही. लंडनला मुक्काम करून तिथूनच अटलांटिक ओलांडले तर ब्रिटनचा प्रवासी कर पडतो, आणि वरच्या वर्गाला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. लंडन पाहायचे असेल तर पाहा, पण लांबचे उड्डाण युरोपातल्या दुसऱ्या शहरातून घ्या. मूळ भाडे आकर्षक दिसते आणि कर व अधिभार मिळवल्यावर आकडा कुठल्या कुठे जातो, म्हणून एजंटकडून नेहमी सर्व करांसह भाडे लेखी घ्यावे.

दक्षिणवारा

रानजाई यांचा मार्ग ऑकलंड सोडले तर उत्तर गोलार्धातून जातो, म्हणून त्यांना सुट्या तिकिटांचा पर्याय तरी आहे. मला दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका जोडायच्या होत्या आणि तिथे चित्र एकदम पालटते. सिडनीहून सँटियागोला, जोहान्सबर्गहून सिडनीला किंवा पर्थला, जोहान्सबर्गहून साओ पावलोला उडणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत आणि त्यांची एकेरी भाडी पाहून घाम फुटतो. प्रदक्षिणेच्या तिकिटात मात्र ही महागडी उड्डाणे इतर उड्डाणांच्याच भावात बसतात. मला विचाराल तर या तिकिटाची किंमत वसूल करायची असेल तर दक्षिणेला जावे.

तिथेही संघ निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. दक्षिण अमेरिकेतली मोठी कंपनी लाताम २०२० मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली आणि तेव्हापासून त्या संघाकडे दक्षिण अमेरिकेत आत फिरायला विमानेच फारशी राहिलेली नाहीत. क्वान्टासने सँटियागोला पोहोचता, पण पुढे लिमा किंवा साओ पावलोसाठी वेगळे तिकीट काढावे लागते. स्टार अलायन्सकडे कोपा आणि अवियांका असल्याने त्या खंडाचा उत्तर भाग सोपा आहे, पण दक्षिण पॅसिफिक थेट ओलांडणारे विमान त्यांच्याकडे नाही. मुंबईकरांना इथियोपियनचा एक सोयीचा मार्ग आहे. अदिस अबाबाहून साओ पावलो गाठले की अटलांटिक ओलांडून होतो, युरोपला शिवायची गरजच पडत नाही आणि शेंगेनही लागत नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिको, पनामा, पेरू या देशांचे दरवाजे बरेच सहज उघडतात, फक्त प्रत्येकाच्या अटी निघण्यापूर्वी तपासाव्यात.

ओटागो

न्यूझीलंडमधून लिहिते आहे. तिकीट घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून शिकून घ्यावी, ती कोणी सांगत नाही.

माझ्या प्रदक्षिणेत मधल्या एका कंपनीने वेळापत्रक बदलले आणि मला नव्या वेळेचा ईमेल आला. संकेतस्थळावर नवे उड्डाण ‘कन्फर्म’ दिसत होते. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली की तुमचे आरक्षण आहे, पण त्याला तिकीट नाही. झाले असे होते की आरक्षण नव्या उड्डाणावर सरकवले गेले आणि तिकिटातले कूपन जुन्याच उड्डाणाचे राहिले. ज्या कंपनीचे विमान होते ती म्हणे तिकीट देणाऱ्या कंपनीशी बोला, आणि तिकीट देणारी कंपनी म्हणे बदल त्यांनी केला, त्यांच्याशी बोला. शेवटी काउंटर बंद होण्याच्या काही मिनिटे आधी तिकीट नव्याने निघाले. हा दोष कुठल्या एका कंपनीचा नव्हता. चार-पाच कंपन्या एका तिकिटावर आल्या की यंत्रणांमधले असे सांधे उघडे पडतात.

म्हणून तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक वेगळा लिहून ठेवा. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. कुठल्याही बदलासाठी दाद मागायची ती त्या कंपनीकडे, विमान कुणाचेही असो. प्रत्येक बदलानंतर ‘तिकीट रीइश्यू झाले का’, म्हणजे नव्याने निघाले का, हे तिला स्पष्ट शब्दांत विचारा आणि नवी ई-तिकीट पावती मागून घ्या. जिची फोनसेवा चांगली आहे आणि जिचे कार्यालय आपल्या शहरात आहे अशा कंपनीकडूनच हे तिकीट काढावे, मग तिची विमाने मार्गात कमी का असेनात.

पाठपिशवी

ओटागो, हा मुद्दा तर माझ्या बाजूचा झाला. सुट्या तिकिटात विकणारा आणि उडवणारा एकच असतो, त्यामुळे असा घोळ क्वचितच होतो. पण रानजाई यांच्या मार्गाला टोकियो ते ऑकलंड आणि ऑकलंड ते सॅन फ्रान्सिस्को ही दोन लांब उड्डाणे आहेत आणि तिथे स्वस्त कंपन्यांचा उपयोग नाही, हे मी मान्य करतो. मुलीकडचा युरोप नुसत्या परतीच्या तिकिटाने वेगळा काढला, आणि जपान, न्यूझीलंड व अमेरिका असा दुसरा प्रवास पुढच्या वर्षी केला, तर कसे? दोन प्रवास, दोन परतीची तिकिटे, व्हिसाची घाई नाही.

रानजाई

पाठपिशवी, हा पर्याय आम्हीही मांडून पाहिला. पण पॅसिफिकच्या बाजूने अमेरिकेला जाऊन पुन्हा त्याच बाजूने परतायचे, म्हणजे ती दोन-दोन लांब उड्डाणे पुन्हा करायची, हे दोघांच्या गुडघ्यांना झेपणारे नाही. पुढे जात राहून घरी पोहोचणे हा आमच्या दृष्टीने या तिकिटाचा मोठा फायदा आहे, पैशांत तो मोजता येत नाही.

आता असे ठरत आहे की मार्चमध्ये पूर्वेकडे निघायचे, स्टार अलायन्सची २९,००० मैलांची इकॉनॉमी पायरी घ्यायची आणि सिडनीचा नाद सोडायचा. न्यूयॉर्क ते फ्रँकफर्ट हे रात्रीचे उड्डाण आहे, तेवढ्यापुरता वरचा वर्ग घेता येतो का ते विचारणार आहोत. शेवटची शंका अशी की मुलीकडून परतण्याची तारीख ऑगस्टमध्ये धरली आहे, पण ती आग्रह करील आणि आम्ही राहू अशी दाट शक्यता आहे. तेव्हा तारीख पुढे ढकलता येईल ना?

जुना तिकीटवाला

तिकिटाकडून हरकत नाही. ते पहिल्या उड्डाणापासून वर्षभर चालते आणि शेवटचे सेक्टर पुढे नेता येते. मर्यादा शेंगेनची येईल. व्हिसावर जितके दिवस आणि ज्या तारखा लिहून आल्या असतील तितकेच राहता येते, आणि कुठल्याही परिस्थितीत १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे नाही. म्हणून अर्ज करतानाच मुक्काम थोडा ऐसपैस मागा आणि मुलीच्या निमंत्रणपत्रात त्याच तारखा घाला.

एखाद्या सेक्टरसाठी वरचा वर्ग घेण्याचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात. पैसे भरण्यापूर्वीच विचारा, नंतर ते रीइश्यूच्या भानगडीत जाते. कुठलेही उड्डाण न कळवता सोडू नका, दिरांनी न्यूयॉर्कपर्यंत गाडीने सोडतो म्हटले तरीही. एक सेक्टर न वापरता राहिला की कंपनी पुढचे सगळे रद्द करते. गाडीने जायचेच असेल तर आधी कळवून तो टप्पा जमिनीवरचा म्हणून नोंदवून घ्या. स्टारच्या तिकिटात त्याचे मैल तरीही मोजले जातात, तेव्हा विमानानेच गेलेले बरे.

आणि परतीची तारीख गणपतीच्या आसपास नेणार असाल तर जूनमध्येच बदलून घ्या. त्या आठवड्यांत फ्रँकफर्ट ते मुंबई विमानात अर्धे प्रवासी आपलेच असतात आणि खालचा वर्ग सर्वांत आधी संपतो.